धरण भरलं, पण साल साधलं का?

मी बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आजचा विषय आहे हवामान बदल. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. हा विषय परिषदांमधल्या मोठ्या लोकांचा आहे असं आपल्याला वाटतं. मला मात्र तो रोज दिसतो आपल्या गटाच्या कर्जवहीत. तो कसा, ते सांगते.

आपल्याकडे पावसाळा संपत आला की एकच प्रश्न असतो, धरण किती भरलं? येलदरीचं धरण १९६८ साली पूर्ण झालं. पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरातून निघते, छत्रपती संभाजीनगर, जालना, बुलडाणा अशा जिल्ह्यांचं पाणी घेऊन आपल्याकडे येते. इथून पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यांनी पुढे. इथे साडेबावीस मेगावॉटचं वीजघरही आहे. म्हणजे धरण भरण्यासाठी पाऊस वरच्या जिल्ह्यांत पडावा लागतो, आणि भरलेल्या धरणाचं पाणी खालच्या शिवारात जातं. मधल्या डोंगरावरच्या वाडीतली बाई भरलेलं धरण डोळ्यांनी बघते आणि तिच्या विहिरीला मार्चमध्ये तळ लागलेला असतो. तेव्हा ‘धरण भरलं, आता काळजी नाही’ हे म्हणणं आपल्यापैकी अनेकींसाठी कधीच पूर्ण खरं नव्हतं. आता तर ते आणखी कमी खरं झालं आहे.

गेल्या दहा वर्षांवर नजर टाका. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात मराठवाड्यातली बहुतेक मोठी धरणं मृत साठ्यावर आली होती. त्यानंतरच्या काही वर्षांत मात्र येलदरीचे दरवाजे उघडून पाणी सोडावं लागलं. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१ पासून नोंदी आहेत, त्यातला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट. लगेच पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, पोळ्याच्या तोंडावर परभणी, हिंगोली, नांदेडमध्ये एवढा पाऊस कोसळला की बैल सजवायचे की गोठ्यातून बाहेर काढायचे हा प्रश्न पडला. २०२५ मध्ये रोहिणी नक्षत्रातच, मे महिन्यात, मान्सून महाराष्ट्रात येऊन थडकला, आणि सप्टेंबरात मराठवाड्यात पिकांसह मातीही वाहून गेली.

आता या सगळ्या वर्षांची सरासरी काढली तर ती काही फार वाईट दिसणार नाही. मराठवाड्याची पावसाळ्याची सरासरी साधारण ६८० मिलिमीटर धरतात. तेवढा किंवा त्याहून जास्त पाऊस बऱ्याच वर्षी होतो. पण पीक सरासरीवर वाढत नाही. सोयाबीनला फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना पाणी लागतं. तेव्हा वीस-बावीस दिवस आभाळ कोरडं राहिलं आणि मग एका रात्रीत दीडशे मिलिमीटर पडला, तर कागदावर पाऊस झाला, शेतात मात्र दुष्काळही झाला आणि ओला दुष्काळही झाला. एकाच हंगामात दोन्ही. आपल्या सासवांनी बहुधा असं पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे एक तर दुष्काळाचं साल असायचं, नाही तर पाण्याचं.

थोडा हिशेब करू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे चार हजार लिटरच्या वर. मग एका रात्रीत शंभर मिलिमीटर पडला तर एका एकरावर चार लाख लिटर पाणी! म्हणजे ती लातूरची पाण्याची गाडी जवळजवळ पूर्ण तुमच्या एका एकरात एका रात्रीत ओतली, असं समजा. आपली काळी माती चांगली आहे, पाणी धरून ठेवते, पण पाणी पिते हळूहळू. एवढं पाणी ती पिऊ शकत नाही. ते वाहतं आणि जाताना वरची सुपीक माती घेऊन जातं. तेच शंभर मिलिमीटर आठ-दहा दिवसांत पडले असते तर विहिरीला पाझर फुटला असता.

असं का होतंय? इथे विज्ञान येतं, पण ते आपल्या अंगणातलंच आहे. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की रात्री कडाका जास्त पडतो आणि ढग आले की थंडी कमी होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब वर सोडते. ढग असले तर ती ऊब गोधडीखाली राहिल्यासारखी खाली राहते. हवेतले काही वायूही असंच गोधडीचं काम करतात. त्यातला मुख्य कार्बन डायऑक्साइड. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळलं की तो निघतो. कारखाने यायच्या आधी हवेच्या दर दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. आज ४२० च्या वर आहे. हा वायू एकदा वर गेला की शेकडो वर्षं हटत नाही. गोधडी जाड होत चालली आहे आणि खालची पृथ्वी तापते आहे. जागतिक हवामान संघटनेनं सांगितलं की २०२४ हे वर्ष कारखान्यांच्या आधीच्या काळापेक्षा सुमारे दीड अंशानं जास्त गरम होतं, आजवरच्या नोंदीतलं सगळ्यात गरम.

दीड अंश म्हणजे काय एवढं, असं एक मावशी मला बैठकीत म्हणाल्या. आमच्या परभणीत मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात जातो, त्यात दीड अंशानं काय बिघडलं? बरोबर प्रश्न आहे. पण बाळाच्या अंगात दीड-दोन अंश ताप वाढला तर आपण दवाखाना गाठतो ना? ही वाढ सगळ्या पृथ्वीच्या अंगातली आहे. आणि पावसाशी तिचा थेट संबंध आहे. हवा एका अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. म्हणजे ढगाची घागर मोठी झाली. ती भरायला वेळ लागतो, म्हणून खंड पडतात. आणि रिकामी होते तेव्हा एकदम होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. अरबी समुद्र तापल्यानं तिकडून येणारे बाष्पाचे लोट जास्त लहरी झाले, हे त्यांनी दिलेलं कारण.

एक गोष्ट सरळ सांगते. प्रत्येक गारपिटीला आणि प्रत्येक दुष्काळाला हवामान बदलावर ढकलायचं नाही. १९७२ चा दुष्काळ तेव्हाही होताच. नाले बुजवले, बांध फोडले, ओढ्यात घरं बांधली, बोअर हजार फूट खाली नेले, हे आपलं आपणच केलेलं आहे. तापलेल्या हवेनं ते जास्त महाग पडायला लागलं, एवढंच.

आता येते कर्जवहीवर.

आपल्या गटांत खरिपासाठी कर्ज घेताना बाई काय सांगते? ‘सोयाबीन निघालं की देते.’ सगळ्या गटांत हेच वाक्य असतं. पेरणीला जूनमध्ये पैसे घ्यायचे आणि दिवाळीच्या आसपास परतफेड सुरू करायची. हे वेळापत्रक आपण मृगाचा पाऊस वेळेवर येईल आणि हस्त-चित्रात पाऊस आटोपेल असं धरून बनवलं. मृग येतो ७ जूनच्या सुमाराला. पण पाऊस आता मृगाला बांधलेला नाही. लवकर येऊन फसवतो, पेरणी होते, मग खंड पडतो आणि दुबार पेरणी करावी लागते. दुबार पेरणी म्हणजे दुबार कर्ज. आणि ऑक्टोबरात सोयाबीन कापून ढीग लावला की वरून पाऊस. शेंगांतल्या शेंगांत कोंब फुटतात, दाणा काळा पडतो, व्यापारी भाव पाडतो. ‘निघालं की देते’ म्हणणारी बाई तोंड चुकवून जायला लागते. गटातल्या बाकीच्या तिच्यावर चिडतात. बैठकीला यायचं ती बंद करते. मी गट मोडताना पाहिले आहेत, आणि ज्या बाईमुळे मोडला असं गावानं ठरवलं, तिचा दोष एवढाच होता की तिच्या शेतात ऑक्टोबरात पाऊस पडला.

म्हणून माझं म्हणणं असं की गटाचे नियम बदलायला हवेत आणि ते पेरणीच्या आधी बदलायला हवेत. नुकसान झाल्यावर मुदत वाढवली तर ती मेहेरबानी वाटते. आधीच ठराववहीत लिहिलं असेल तर तो हक्क होतो. उदाहरणार्थ असा ठराव: आपल्या महसूल मंडळात अतिवृष्टीची नोंद झाली किंवा फुलोऱ्याच्या काळात एकवीस दिवस पाऊस नसला, तर गटाच्या अंतर्गत कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे जातील, दंड लागणार नाही, आणि तेवढे दिवस फक्त व्याज द्यायचं. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी धरतात, तेव्हा तोच आकडा आपणही घ्यावा. बँकेचं कर्ज असेल तर बँकेचे हप्ते आपल्या ठरावानं थांबत नाहीत, हे लक्षात ठेवा. त्यासाठी प्रत्येकीचे महिन्याला दहा-वीस रुपये वेगळे काढून एक संकट निधी ठेवावा. तो कर्जाला द्यायचा नाही, लग्नाला द्यायचा नाही, फक्त अशा वर्षी बँकेचा हप्ता भरायला. वीस रुपये प्रमाणे बारा बायांच्या गटात वर्षाला दोन हजार आठशे ऐंशी होतात. फार नाहीत. पण एक-दोन हप्ते नक्की निघतात आणि गटाचं नाव थकबाकीत जात नाही.

दुसरं, बियाणं. याकडे आपलं लक्ष जात नाही. ऑक्टोबरच्या पावसात भिजलेलं सोयाबीन नुसतं भावात मार खात नाही, त्याची उगवणही कमी होते. म्हणजे यंदाच्या पावसानं पुढच्या वर्षीचं बियाणंही नेलं. सोयाबीनचं बियाणं घरचं चालतं, दर वर्षी पिशवी विकत घ्यायची गरज नाही. म्हणून कोरडं, न भिजलेलं, पातळ थरात वाळवलेलं बियाणं वेगळं ठेवा. त्याची पोती एकावर एक खूप रचू नका आणि आपटू नका, कारण सोयाबीनची साल नाजूक असते. पेरणीआधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा. पाच-सात दिवसांनी सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी तीस किलो पुरतं. कमी उगवले तर त्या प्रमाणात बी वाढवा, आणि फारच कमी असतील तर ते पेरू नका. हे काम आपल्या बायांचंच आहे, घरात बियाणं सांभाळणारी बाईच असते.

आणि पेरणीची घाई. आपलं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीतच आहे, १९७२ पासून. दर वर्षी ते सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथून हवामान सल्ला निघतो. अडचण अशी की आपल्या शेतात नक्की किती पडला हे आपल्याला कुठे माहीत असतं? मंडळाचं पर्जन्यमापक यंत्र दुसऱ्या गावात. आपल्याकडे पाऊस असा की एका बांधावर पडतो आणि दुसऱ्यावर नाही. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. पाण्याची दोन लिटरची सरळ बाजूची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापा आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. बाटलीचा तळ वाकडातिकडा असतो, म्हणून थोडे खडे टाकून सरळ भागापर्यंत पाणी भरा आणि तिथे खूण करा, ते शून्य. तिथून वर पट्टीनं मिलिमीटरच्या खुणा. झाडापासून, छपरापासून लांब, उघड्यावर खांबाला बांधा. रोज सकाळी आठ-साडेआठला आकडा वहीत लिहा आणि पाणी पुन्हा शून्याच्या खुणेपर्यंत आणा. शाळेतली पोरगी सहज करील. हा आकडा पंचनाम्याला पुरावा म्हणून चालणार नाही, पण पेरायचं की थांबायचं हे मात्र त्यावरून ठरवता येईल.

पंचनाम्याचा विषय निघाला म्हणून बोलते. नुकसानभरपाई आणि पीक विमा सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला मिळतो. खुरपणी, वेचणी, काढणी आपण करतो, आणि सातबाऱ्यावर आपण नसतो. राज्यात १९९२ पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. किती जणींना हे माहीत आहे? तलाठ्याकडे जाऊन विचारा, आणि एकट्या जाऊ नका, गटानं जा. विम्याचंही बदललं आहे. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता, तो २०२५ पासून बंद झाला. आता खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता भरावा लागतो आणि भरपाईचा मुख्य आधार पीक कापणी प्रयोग. म्हणजे आपल्या मंडळात कापणी प्रयोग कधी, कुठल्या शेतात होतो, हे माहीत करून घेऊन तिथे हजर राहणं हेही गटाचं काम झालं.

दिल्ली-पॅरिसकडेही थोडं बघू, कारण पैशाचा प्रश्न तिथेच अडकला आहे. हवामानाचं जागतिक भांडण मला बचत गटासारखं वाटतं. समजा एका गटात काही श्रीमंत बायांनी दीडशे वर्षं भरमसाट कर्ज उचललं, माड्या बांधल्या. तिजोरी रिकामी झाल्यावर त्या म्हणतात, आता सगळ्यांनी सारखी काटकसर करू. मागून आलेली गरीब बाई काय म्हणेल? अमेरिकेतला एक माणूस आज वर्षाला सरासरी चौदा टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, भारतातला सुमारे दोन टन. जुनं कर्ज तर वेगळंच. म्हणून जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, हे तत्त्व जगानं मान्य केलं. २०१५ मध्ये पॅरिसला ठरलं की तापमानवाढ दोन अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि दीड अंशावर रोखायचा प्रयत्न करायचा. २०२२ मध्ये इजिप्तमधल्या परिषदेत नुकसान सोसणाऱ्या देशांसाठी वेगळा निधी काढायचं कबूल झालं. त्यात जमा झालेला पैसा गरजेच्या मानानं अगदीच थोडा आहे. आपल्या गटात एवढी थकबाकी कुणी ठेवली असती तर आपण तिच्या दारात जाऊन बसलो असतो.

आपल्या देशानं २०७० पर्यंत निव्वळ शून्य गाठायचं जाहीर केलं आहे. विजेच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा २०२५ मध्येच कोळशाबाहेरचा झाला, पण प्रत्यक्ष वापरातली बहुतेक वीज अजून कोळशाचीच. कोळशालाही पाणी लागतं, बरं का. शेजारच्या परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. धरणाची वीज पाण्यावर, कोळशाची वीजही पाण्यावर. म्हणून मला सौर कृषी वाहिनीच्या योजनेत रस आहे. कारण साधं आहे. वीज दिवसा मिळाली तर रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन पाणी द्यायला जावं लागत नाही, आणि साप-विंचवाची भीती कमी होते.

आपल्या जिल्ह्यासाठी महत्त्वाची योजना म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला सगळे पोकरा म्हणतात. जागतिक बँकेच्या मदतीनं २०१८ पासून चालू आहे, आणि तो हवामान बदलाला तोंड देण्यासाठीच आहे. शेततळं, ठिबक, रुंद सरी वरंब्यावर पेरणी, अशा गोष्टींना मदत मिळते. आपलं गाव यादीत आहे का, ते कृषी सहायकाला विचारा. रुंद सरी वरंबा तर अनुदान नसलं तरी करा. खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते, जास्त पडला तर सरीतून पाणी निघून जातं.

धाराशिव-लातूरकडे बायांनी केलेलं एक काम मला आवडतं. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिकडे उभी राहिलेली ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था, प्रेमा गोपालन यांनी सुरू केलेली. तिथल्या बायांनी घरच्यांकडून फक्त एक एकर, काहींनी अर्धाच, मागून घेतला. त्यात कापूस-सोयाबीन नाही, घरी खायचं पीक: ज्वारी, बाजरी, डाळी, भाज्या, थोड्या पाण्यावर. बाकीच्या शेतात नवऱ्यानं काय लावायचं ते लावो. पाऊस फसला तरी घरात दाणा आणि गुरांना कडबा राहिला. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आपल्या विद्यापीठाचे ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण घरात येऊ शकतात, ‘शक्ती’त लोह आणि जस्त जास्त आहे. आपल्याकडच्या बायांच्या रक्ताच्या तपासणीचे आकडे बघता हे काही थोडंथोडकं नाही. एकदम एक एकर मागायला संकोच वाटत असेल तर दहा गुंठे मागा.

उन्हाबद्दल बोलायला वेळ उरला नाही, फक्त दोन गोष्टी. पत्र्याच्या घरावर मार्चमध्येच पांढरा चुना मारा, आत खरंच फरक पडतो. आणि कापूस वेचणी असो की रोजगार हमीचं काम, दुपारी बारा ते चारची वेळ टाळायची मागणी गटानं मिळून करा. एकटी बाई मागते तेव्हा तिला कामचुकार म्हणतात.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटानं तीन गोष्टी घेऊन बसा: ठराववही, गेल्या तीन वर्षांची कर्जवही आणि एक कापलेली बाटली. कर्जवहीत ज्या महिन्यांत हप्ते चुकले त्यांच्यापुढे त्या महिन्यात पाऊस कसा होता ते पेन्सिलनं लिहा. आठवत नसेल तर सणावरून आठवा, महालक्ष्म्यांच्या वेळी काय होतं, दसऱ्याला काय होतं. आणि बैठकीला यायचं ज्या बाईनं सोडलं आहे, तिला त्या दिवशी घरून बोलावून आणा. तिची ओळ सगळ्यात आधी वाचा.